चादरींचा सिनेमा कितवा?

थिएटरच्या मागच्या बोळात, पडद्याच्या बरोबर पाठीशी, भिंतीला भिंत लावून इस्त्रीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं आत असली तर तिसऱ्याने पोट आत ओढून यावं एवढी जागा. मालकिणीला सगळा बोळ मावशी म्हणायचा. जे तिच्यावर रागावलेले असत तेही मावशीच म्हणत, आणि रागावण्यासारखं ती रोज कुणाला तरी काहीतरी बोलायचीच. कुणी विजार आणून ‘जरा लवकर द्या हं’ म्हणालं, की मावशी म्हणायची, ‘लवकर हवी होती तर लवकर धुवायची. माझी इस्त्री आहे, जादूची कांडी नाही.’

या मावशीला सिनेमातलं कळतं, असं बोळाचं मत होतं. सगळ्या सिनेमांतलं नाही, एका डायरेक्टरचं. थिएटरच्या लॉबीत त्याचा फोटो लावलेला होता, त्यात डोळ्यांपेक्षा चष्म्याची भिंगंच जास्त दिसायची, म्हणून त्याचं नाव चष्मेवाला. या चष्मेवाल्याने जन्मात नऊ सिनेमे काढले आणि तो मरून गेला. मावशीने त्या नऊ सिनेमांचा क्रम लावलेला होता. पहिला कुठला, दुसरा कुठला, थेट नवव्यापर्यंत. शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाईकालासुद्धा तो क्रम पाठ झालेला, कारण मावशी बोलायची ती बोळाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असंच.

आता यातली गंमत अशी की या नऊंतला एकही सिनेमा मावशीने धड पाहिलेला नव्हता. सगळे भिंतीतून ऐकलेले.

दुकान तिच्या बापाचं. लग्न होऊन ती गेली आणि वर्षाच्या आतच परत आली. का आली हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. बाप काही बोलला नाही, त्याने नुसती इस्त्री तिच्या हातात दिली. बाकीचं जग मात्र भरपूर बोलत होतं, म्हणजे तिच्या पाठीमागे बोलत होतं, समोर आली की गप्प. त्याच दिवसांत एका दुपारी भिंतीतून एक बाई बोलली. ‘मी परत नाही आले,’ ती म्हणाली, ‘मी आले.’ पलीकडून पुरुषाचा आवाज आला, ‘मग बस.’ मागे वाद्यं नाहीत, रडारड नाही. मावशीने इस्त्री तिच्या लोखंडी बैठकीवर, खुरावर, ठेवली आणि कान भिंतीला लावला. कोण ही? कुठून आली? कुणाकडे आली? पुढे अर्धा तास ती बाई आणि तो पुरुष कुठल्याशा कुलपाच्या चाव्या शोधत होते, आणि त्या चाव्या सापडल्या की नाही हे मावशीला आजवर कळलेलं नाही. ते कळत नव्हतं म्हणूनच तिला चष्मेवाला आवडला. बाकीच्या सिनेमांत कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली ते भिंतीतूनही कळायचं. याच्यात सारखं विचारत राहावं लागायचं.

एकदा ती आत गेली होती. नाही असं नाही. तिचा आवडता सिनेमा होता, जो तिच्या क्रमात पहिला, तो. त्याला ती ‘खोकल्याचा’ म्हणायची. शेजारच्या खोलीत म्हातारा बाप सबंध सिनेमाभर खोकत असतो आणि मुलगा इकडे लोकांशी बोलत असतो. मग एका क्षणी खोकला थांबतो आणि मुलगा बोलताबोलता अडखळतो. त्या मुलाचा आवाज असा, की मावशीला वाटायचं, या आवाजाने सांगितलं तर मी विहिरीत उडी मारीन. आत जाऊन बघते तो काय, आवाज पोलादाचा आणि मान कोंबडीची! मावशी मध्यंतरालाच उठून आली. ‘डोळ्यांनी सगळी वाट लावली,’ ती म्हणाली. ‘आता या जन्मात आत पाऊल टाकायची नाही.’ आणि टाकलं नाही. शब्दाची पक्की होती. हट्टी होती, असंही म्हणता येईल.

तिच्या कामाची रीतही सिनेमाप्रमाणे बसलेली. इस्त्री करायचं तिचं फळकूट एका बाजूने भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कोनांवर टेकलेलं होतं, कारण दुकानाची फरशी एकीकडे उतरती, चार पायांचं टेबल तिथे उभंच राहायचं नाही. पलीकडे कुणी बोलत असेल, तोवर मावशी हलकी कामं घ्यायची. सदरे, पोलकी, रुमाल. इस्त्री नुसती सरकवायची, बोटभर वाफ निघेल आणि आवाज होणार नाही अशी. पडदा गप्प झाला, की जवळच्या लॉजच्या चादरींचा ढीग ओढायचा. त्या चादरी म्हणजे सतरंजीचीच भावंडं. पाण्याचा हबका मारायचा, चौघडी करायची, आणि कोळशाची ती वजनदार इस्त्री उचलून घडीवर आपटायची. गप्प सिनेमाचा वेळ असा सत्कारणी लागायचा.

आणि म्हणूनच तिच्या क्रमात सगळ्यात शेवटी, नवव्या नंबरावर जो सिनेमा होता, त्याचं नाव तिने ‘चादरींचा’ ठेवलेलं. त्यात जवळपास कुणी बोलतच नाही. सुरुवातीला एक पुरुष म्हणतो, ‘दुखतंय का?’ बाई म्हणते, ‘नाही.’ मग सारं सामसूम. एकदम शेवटी पुरुष विचारतो, ‘झालं का? आत काही राहिलं नाही ना?’ आणि बाई म्हणते, ‘नाही, सगळं काढलं.’ संपला सिनेमा.

‘दातांच्या डॉक्टरचा आहे,’ मावशी खात्रीने सांगायची. ‘तोंड उघडं ठेवल्यावर माणूस बोलणार कसा? पण म्हणून तासभर दात काढत बसायचं? त्या दिवशी माझ्या लॉजच्या सगळ्या चादरी झाल्या, एवढाच त्या सिनेमाचा उपकार.’

या क्रमाला आव्हान देणारा बोळात एकच माणूस होता, थिएटरचा डोअरकीपर. हातात कायम बॅटरी असायची म्हणून त्याला सगळे बॅटरीमामा म्हणत, आणि मावशी नुसतं ‘बॅटरी’. वर ‘अहो’ लावायची. ‘अहो बॅटरी’ असं इतक्या आदराने ती म्हणायची, की शिवी बरी वाटावी. तोही तिला ‘बाई’ म्हणायचा आणि ‘तुम्ही’ म्हणायचा. दोन खेळांच्या मधल्या वेळात तो बोळातल्या चहाच्या टपरीवर यायचा आणि तिथे या दोघांची जुंपायची. अनोळखी माणसाला वाटायचं, दोघं वेगवेगळ्या सिनेमांबद्दल भांडतायत. ती म्हणायची खोकल्याचा, तो म्हणायचा आरशाचा. ती म्हणायची चाव्यांचा, तो म्हणायचा पिवळ्या छत्रीचा. सिनेमा तोच. ती कानाने नाव ठेवायची, तो डोळ्यांनी.

तिचा नववा तो त्याचा पहिला.

‘त्या सिनेमात काळीज वाजतं,’ बॅटरीमामा म्हणायचा. ‘चष्मेवाल्याच्या सगळ्या सिनेमांत थोडं थोडं वाजतं, पण त्यात वाजतं तसं कुठे नाही. कुणी बोलत नाही आणि पडद्याच्या पोटातून येतं, धप्प, धप्प. माणूस खुर्चीत ताठ होतो.’

‘मला कसं ऐकू आलं नाही मग? मी काय बहिरी आहे?’

‘वाफेने गेलेत तुमचे कान.’

‘तुमचं डोकं कशाने गेलंय, अंधाराने?’

हे असं वर्षानुवर्षं चाललं. दोघांनाही त्यावाचून करमायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मागच्या महिन्यात बॅटरीमामाची जीभ घसरली. टपरीवर चार माणसं उभी होती आणि तो म्हणाला, ‘बाई, खरं सांगू? भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याने क्रम लावू नये. वासावरून जेवणाला नावं ठेवण्यातला प्रकार आहे तो.’

लोक हसले. मावशीने चहाचा कप होता तसा, भरलेला, टपरीच्या फळीवर ठेवला. ‘लोकांच्या पायांवर बॅटरी मारत जन्म गेला तुमचा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही चपलांचा क्रम लावा.’ आणि निघून गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. तो टपरीवर आला की ती दुकानाचं फळ्यांचं दार अर्धं ओढून घ्यायची.

आणि बॅटरीमामाची नोकरी तर संपत आलेली. शनिवारी शेवटचा दिवस, रविवारी सकाळच्या गाडीने तो मुलीकडे जाणार होता, दूरच्या गावी, कायमचा. मालकाने त्याला निरोपादाखल विचारलं होतं, शनिवारी कुठला सिनेमा लावू ते तू सांग. त्याने कुठला सांगितला असेल ते कुणालाही कळलं असतं.

शुक्रवारी मावशीची वहिनी दुकानात आली. ही वहिनी म्हणजे तिच्या भावाची बायको, दुकानात घड्या घालायची आणि कपडे घरोघर पोचवायची. तिने कनवटीतून एक तिकीट काढून फळकुटावर ठेवलं.

‘बॅटरीमामांनी दिलंय. उद्या तीनचं.’

‘परत दे.’

‘म्हणाले, एकदा बघा आणि मग नववा म्हणा, मी मान्य करीन. शब्द परत घेतो म्हणाले. ते वासाचं बोलले तो.’

‘टपरीवर घेतील का? चार लोकांत बोलले, चार लोकांत घ्यायचा.’

‘वन्सं,’ वहिनी म्हणाली, ‘परवा तो माणूस जाणार. नंतर तुम्ही भांडणार कुणाशी? माझ्याशी? मला तर चष्मेवाला बघितला की झोप येते.’

मावशीने तिकीट उचललं नाही आणि फेकलंही नाही. त्याच्यावर इस्त्री ठेवली नाही, एवढंच. जन्माची आन मोडायची, तीही बॅटरीसाठी? आणि समजा आत गेले आणि आवडला, तर? सगळ्या बोळाला इतकी वर्षं सांगितलेला नववा नंबर तोंडघशी पडणार. आणि नाही गेले तर तो रविवारी जाणार, आणि आपल्या हिशेबी शेवटचं वाक्य चपलांचं राहणार. एका बाजूला शब्द, एका बाजूला माणूस. पण खरं सांगायचं तर तिला या दोन्हींपेक्षा तिसरंच काहीतरी टोचत होतं. काळीज वाजतं म्हणजे काय वाजतं? भिंतीला कान लावून जन्म गेला आणि आपल्याला न ऐकू आलेला एक आवाज त्या सिनेमात आहे?

शनिवारी दुपारी तिने कोळसे विझवले.

‘मी बघते की तेवढा वेळ,’ वहिनी म्हणाली.

‘तू घड्या घाल. इस्त्रीला हात लावायचा नाही.’

दुपारच्या खेळाला दुकान बंद ठेवायची ही पहिलीच वेळ होती. मावशी बोळाला वळसा घालून पुढच्या दाराने थिएटरात शिरली. दाराशी बॅटरीमामा इस्त्रीचा गणवेश घालून उभा होता. इस्त्री तिचीच, दुसऱ्या कुणाकडे तो कपडे देत नसे, बोलणं बंद असतानाही वहिनीच्या हाती पाठवायचा. त्याने बॅटरी पेटवली आणि तिच्या पायांपुढे उजेड टाकत तिला मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्चीपर्यंत नेलं.

‘चपला बघून घ्या,’ ती म्हणाली.

‘चांगल्या आहेत,’ तो म्हणाला.

सिनेमा सुरू झाला. पहिल्याच वाक्याला मावशीचा डॉक्टर गेला. एक पुरुष आणि एक बाई एका घराच्या दारात उभी. बाईच्या पायाला पट्टी. ‘दुखतंय का?’ ‘नाही.’ पुरुष निघून जातो आणि बाई आत जाते. दात नाहीत, खुर्ची नाही. ती बाई घर रिकामं करत होती.

मावशी पुढे सरकून बसली. बाईने आधी भांडी काढली. मग खिडकीचा पडदा काढला, त्याबरोबर खोलीत इतका उजेड आला की ती स्वतःच दचकली. मग कपाट. ते तिला हलेना. तिने पाठ लावली, खांदा लावला, शेवटी जमिनीवर बसून दोन्ही पायांनी रेटलं. कपाट सरकलं तर त्यामागे भिंतीवर कपाटाएवढा एक चौकोन निघाला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, नवा. बाई त्याच्यासमोर उभी राहिली. कुणी बोलत नव्हतं. काही वाजत नव्हतं. थिएटरात पंखेसुद्धा ऐकू येत होते.

मावशीचा उजवा हात आपोआप उचलला गेला. तो चादर शोधत होता. गप्प झालं की चादर, हीच हाताला सवय. तिने तो हात डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला. इतकी शांतता ती पहिल्यांदाच नुसती बसून ऐकत होती, आणि तिला मोठं नवल वाटलं. शांततेत एवढं काम चाललेलं असतं?

तेवढ्यात बॅटरीमामा वाकून तिच्या कानाशी आला.

‘वाजत नाहीये.’

‘काय?’

‘काळीज. इथेच वाजतं. कपाट हललं की वाजतं. थांबा, मशीनवाल्याने घोटाळा केलाय.’ आणि तो तरातरा जिना चढून वर गेला. थोड्या वेळाने खाली आला तो पाय ओढत. ‘तो म्हणतो, आवाज आहे तेवढा आहे. यात मुळात नाहीच म्हणतो काही. मूर्ख आहे. त्याला वर मशीनच्या खडखडाटात काय ऐकू येणार?’

‘कसं वाजतं ते?’ मावशीने हळूच विचारलं.

त्याने तिच्या खुर्चीच्या हातावर मूठ आपटून दाखवली. धप्प, धप्प, धप्प. थांबला. मग पुन्हा धप्प, धप्प.

मागच्या रांगेतला एकजण ‘शूऽऽ’ म्हणाला.

मावशीने ठोके मोजले. तीन ठोके, मग घडी उलटायची, मग दोन. लॉजच्या चादरीला एवढेच लागतात. जास्त दिले तर कापड चकाकतं, कमी दिले तर घडी विस्कटते. हे बापाने शिकवलेलं. जगात आणखी कुणी असं मोजत असेल असं तिला वाटत नव्हतं.

तिने पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे भिंत. भिंतीत कोन. कोनावर फळकूट.

सिनेमा संपला. तिच्या हातात आता असा हुकमाचा पत्ता होता, की टपरीवर नुसता टाकला असता तर बॅटरीमामाचं पहिल्या नंबराचं दुकान कायमचं बंद झालं असतं. वासाचं बोलला होता ना? घे आता. पण तो दाराशी उभा राहून बाहेर पडणाऱ्या एकेका माणसाला विचारत होता, ‘आज ऐकू नाही आलं ना? मशीन बिघडलंय हो, एरवी येतं,’ आणि लोक त्याच्याकडे बघून खांदे उडवत होते. ते तिला बघवेना.

‘चला,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘दुकानात. चला म्हणते ना. प्रत्येक गोष्टीला बॅटरी मारून बघायची गरज नसते.’

इतक्या वर्षांत खेळ चालू असताना तो कधी दुकानात आला नव्हता, कारण खेळ चालू असताना तो दारावर. मावशीने त्याला भिंतीशी उभं केलं, थंड इस्त्री उचलली आणि चादरीच्या घडीवर आपटली. तीन, मग उलटून दोन. भिंतीतला चुना जरासा झडला.

बॅटरीमामा गाठोड्यावर बसला. मग त्याचा चेहरा तांबडा झाला.

‘खोटं आहे.’

‘आणखी एक चादर काढू?’

‘सगळ्या सिनेमांत...’

‘गप्प झाला सिनेमा की मी चादरी घेते. सगळ्याच सिनेमांत. त्यात जास्त, कारण तो जास्त गप्प.’

‘अहो बाई, मी लोकांना सांगत होतो! नवीन लग्न झालेली जोडपी यायची, त्यांना सांगायचो, कपाट हललं की कान द्या. एक म्हातारा दर वेळी त्याच्यासाठी यायचा. रडायचा तो त्या जागी.’ त्याने कपाळावर हात मारला. ‘लॉजच्या चादरींवर रडायचा?’

उंबऱ्यावर बसलेल्या वहिनीला हसू आवरेना. तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला.

मावशी मात्र हसली नाही. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. ‘कसं वाटायचं?’

‘काय कसं वाटायचं?’

‘वाजल्यावर. मी आज नुसतं बघितलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? नववा काही नाही तो. पण तुम्ही सांगता तसलं काही मला दिसलं नाही. वाजल्यावर काय होतं?’

‘ते सांगून कसं कळेल? ऐकायला हवं.’

‘मी कशी ऐकू? मी आत बसले की ते वाजत नाही, आणि वाजतं तेव्हा मी इथे.’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्याने बाह्या वर केल्या.

‘सहाचा खेळ आहे अजून.’

‘तुम्ही? इस्त्री धरलीय कधी? मनगट मोडेल.’

‘दाखवा कशी धरायची ते.’

‘आणि दारावर कोण?’

बॅटरीमामाने खिशातली बॅटरी काढून वहिनीच्या हातात दिली. ‘पायांवर मारायची,’ तो म्हणाला, ‘तोंडावर नाही. तोंडावर मारली की माणूस भांडतो.’

‘मला झोप आली तर?’

‘मी उभ्याने झोपायलाही शिकलो, तुम्ही पण शिकाल.’

मावशीने कोळसे पुन्हा फुलवले. पाणी किती मारायचं, घडी कुठे धरायची, तीन कधी आणि दोन कधी, सगळं त्याला तीनतीनदा सांगितलं. हात धरून शिकवलं नाही, दुरून ओरडून शिकवलं. ‘थोपटू नका! मांजर आहे का ते? आपटा!’ दुसऱ्या कुणाला ती इस्त्री तिने आयुष्यात धरू दिली नव्हती. सख्ख्या वहिनीलाही नाही. वहिनीने ते बघितलं आणि ती बॅटरी घेऊन दारावर निघून गेली, ही वहिनीची समजूत.

सहाच्या खेळाला मावशी त्याच खुर्चीत बसली. दारात दुखतंय का, नाही. भांडी. पडदा. उजेड. आता तिला पुढचं माहीत होतं. कपाट हललं. चौकोन निघाला.

धप्प.

अगदी पडद्याच्या पोटातून, बाईच्या पाठीमागून कुठून तरी. मावशी खुर्चीत ताठ झाली. मग बराच वेळ काही नाही. मेला, चादर उलटतोय. मग धप्प, धप्प. मग एक फुसका. मग पुन्हा काही नाही. हे काही तीन आणि दोन नव्हतं. हे कुणीतरी दाराशी येऊन, वाजवू की नको अशा विचारात उभं असल्यासारखं होतं. पडद्यावरच्या बाईने मान वर केली. ती दुपारीही त्याच जागी करत होती, पण दुपारी ती उगीच वर बघत होती, आता ती ऐकत होती. रिकाम्या घरात कुणीतरी आहे, असं ऐकत होती.

पुढच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, ‘ऐकलंस?’ बायको म्हणाली, ‘गप. कोण आलंय ते बघू दे.’

मावशीला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं, अहो, कुणी नाही, डोअरकीपर आहे, लॉजच्या चादरी बिघडवतोय. तिने सांगितलं नाही. तिलाही बघायचं होतं, कोण आलंय.

खेळ सुटल्यावर ती बोळात आली, तेव्हा बॅटरीमामा घामाने निथळत उभा होता. त्याच्या बाह्यांवर कोळशाचे डाग होते. फळकुटावर चारच चादरी झालेल्या, आणि त्यातल्या एकीवर इस्त्रीचा अख्खा तपकिरी ठसा उमटलेला. तिने तो बघितला. एरवी तिने बोळ डोक्यावर घेतला असता.

‘ही मी भरून देईन लॉजला,’ तो म्हणाला.

‘ती राहू दे.’

‘कितवा?’ त्याने विचारलं. ‘खरं सांगा.’

मावशी स्टुलावर बसली. घाईने नंबर द्यायची तिची रीत नव्हती. टपरीवाल्याने आणि त्याच्या दोन गिऱ्हाइकांनी कान टवकारले, न्हावी दारात आला.

‘दुपारचा दुसरा,’ ती म्हणाली. ‘खोकल्याच्या खाली. तुमच्या हाताचा सहावा. तुम्ही फार चाचरता. पण सहावा.’

‘म्हणजे हे दोन सिनेमे झाले?’

‘दोन नाहीत, तीन. एक गप्प, एक तुमच्या हाताचा, आणि एक माझ्या हाताचा. तुम्ही पहिला म्हणता तो तिसरा. तो मी नाही पाहिला, आणि मला तो कधी दिसणारही नाही. मी असते तिथून तो दिसत नाही.’

बॅटरीमामाने टपरीकडे मान वळवली. ‘चौघं आहात ना?’ तो मोठ्याने म्हणाला. ‘मग ऐकून ठेवा. मी त्या दिवशी वासाचं बोललो ते माझं चुकलं. जेवण बाईंनीच रांधलं होतं.’

‘पुरे,’ मावशी म्हणाली. ‘भाषण नको. तो तिसरा सांगा मला.’

‘आत्ता? सकाळची गाडी आहे माझी. सामान बांधायचंय.’

‘बांधाल. बसा.’

वहिनीने बॅटरी विझवली आणि गाठोड्यावरची जागा करून दिली. तो बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. दारातली दोघं, पायाची पट्टी, भांडी. मावशीने डोळे मिटले होते. चादरी तशाच पडून होत्या आणि इस्त्री खुरावर निवत होती.

‘मग कपाट हलतं,’ तो म्हणाला, ‘आणि चौकोन निघतो. तेव्हा पहिल्यांदा वाजतं. तीन. मग थांबतं.’

‘तेव्हा मी घडी उलटते.’

‘मला वाटायचं, ती बाई श्वास धरते.’

मावशीने डोळे उघडले. कुणीतरी आपल्याच हाताबद्दल पहिल्यांदा काही सांगावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली.

‘खरंच धरते का?’ तिने विचारलं.

‘धरते. छाती हलत नाही तिची.’

‘आणि मग?’